माणसं चांगली, मग कंपनी अशी का वागते?

लोअर परळच्या एका फायनान्स कंपनीत दोनेक वर्षं काम करणाऱ्या तरुणाचा प्रश्न आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : 'आमच्या ऑफिसातली माणसं वाईट नाहीत. कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं तर पैसे जमवतात, पावसात गाड्या बंद पडल्या की एकमेकांना घरी नेतात. पण क्वार्टर संपत आला की हीच माणसं ग्राहकाकडून मागच्या तारखेच्या सह्या घेतात, थकलेलं कर्ज नवंकोरं करून दाखवतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ही वरच्यांची हाव म्हणायची की आमचा भेकडपणा? आणि मी काय करू?'

मी व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. निम्मं आयुष्य बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या इंटर्नल ऑडिटमध्ये गेलं, आधी फोर्ट भागात आणि आता बहुतेक बीकेसीत. त्यामुळे माझी उदाहरणं याच धंद्यातली असतील.

हाव असते आणि भेकडपणाही असतो. पण हाव तर सगळीकडेच आहे. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एकच धंदा करणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक घसरते आणि दुसरी टिकते, याचा उलगडा हावेने होत नाही. मला दिसलेलं उत्तर कमी नाट्यमय आहे. बहुतेक गैरप्रकार गैरप्रकार म्हणून सुरूच होत नाहीत. ते एखाद्या खऱ्या अडचणीवर काढलेली सोय म्हणून सुरू होतात. सोय लागू पडते, म्हणून राहते, आणि ती बंद करणं हे कुणाचंच काम नसतं.

एक फाईल उघडून दाखवतो. साकीनाक्याच्या एका गाळ्यात प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट. मशीनसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले. ९० दिवस मार्चच्या अगदी शेवटच्या आठवड्यात भरणार होते. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक होतं, त्यावरचं व्याज उत्पन्नात धरता येत नाही, वर संभाव्य तोट्यासाठी तरतूद करावी लागते आणि शाखेच्या नावापुढे लाल आकडा लागतो. २६ मार्चला मालकाच्या बायकोच्या नावाने छोटं व्यवसाय कर्ज मंजूर झालं. २७ ला रक्कम तिच्या खात्यात आली आणि त्याच दुपारी नवऱ्याच्या कर्ज खात्यात गेली. थकबाकी संपली. फाईल नेटकी होती. केवायसी, नवा गुमास्ता परवाना, बँक स्टेटमेंट, जागेचा फोटो, सगळं जागच्या जागी. मी फक्त दोन्ही फायलींतले फोटो शेजारी ठेवले. पाटी वेगळी होती, एका फोटोत मोल्डिंग वर्क्स आणि दुसऱ्यात ट्रेडर्सचा ताजा फ्लेक्स. पण शटरवरचा पोचा तोच आणि बाजूच्या वीजमीटरचा नंबरही तोच.

आता या व्यवहारात गुन्हेगार शोधा. सेल्सचा मुलगा म्हणतो, पार्टी प्रामाणिक आहे, तिची मोठी ऑर्डर अडकलीय, एप्रिलात पैसे येणार होते, मी तिला वाचवलं. शाखा व्यवस्थापक म्हणतो, एका खात्यासाठी सगळ्या शाखेचा इन्सेंटिव्ह का घालवायचा? क्रेडिटवाला म्हणतो, माझ्या टेबलावर कागद पूर्ण होते, गाळा बघायला जाणं माझं काम नाही. ऑपरेशन्सची मुलगी म्हणते, मंजुरी सिस्टीममध्ये होती, मी पैसे सोडले. यातलं एकही वाक्य धादांत खोटं नाही. आणि रिजनल ऑफिसला दिसलं ते एवढंच, की या शाखेत शून्य एनपीए. शाखेला ट्रॉफी मिळाली. पुढच्या तिमाहीत अशी खाती वाढली, तेव्हा पार्टी प्रामाणिक आहे का हे विचारायचीसुद्धा गरज उरली नव्हती, कारण एव्हाना ती कामाची पद्धत झाली होती. नव्याने रुजू झालेल्या मुलाला ती बँकिंग म्हणूनच शिकवली गेली.

आमच्या प्रशिक्षणात फसवणुकीचा त्रिकोण शिकवतात. दबाव, संधी आणि स्वतःची समजूत घालणं, या तीन गोष्टी जमल्या की माणूस अफरातफर करतो. हा विचार ज्यांच्या नावाने सांगतात ते अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी तुरुंगात जाऊन मालकाच्या पैशाला हात लावलेल्या कैद्यांशी बोलले होते. १९५३ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. त्रिकोण उपयोगी आहे, पण तो मालकाविरुद्ध चोरी करणाऱ्याचा आहे. तुमच्या ऑफिसातली मंडळी मालकासाठी करताहेत. हा फरक मोठा आहे. कॅशियर गल्ल्यातून नोटा उचलतो तेव्हा तो एकटा असतो, घाबरलेला असतो आणि लपवतो. कंपनीसाठी नियम वाकवणारा एकटा नसतो. त्याला शाबासकी मिळते, आणि आपण निष्ठावान आहोत असं त्याला मनापासून वाटतं. समजूत घालायचं काम त्याला स्वतः करावं लागत नाही, ऑफिस ते आयतं करून देतं. सगळीच मार्केटमध्ये करतात, ग्राहकाचंही भलंच होतंय, या क्वार्टरपुरतं आहे.

मुंबईने याचा सगळ्यात मोठा धडा १९९२ मध्ये पाहिला. हर्षद मेहताचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच्या गाडीपेक्षा आणि वरळीच्या घरापेक्षा मला त्यातले कागद जास्त बोलके वाटतात. बँका सरकारी रोखे एकमेकींना थोड्या दिवसांसाठी विकायच्या आणि ठरल्या दिवशी परत घ्यायच्या. याला रेडी फॉरवर्ड म्हणत. रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात हाताने व्हायची, त्याला वेळ लागायचा. मग दर वेळी रोखे हलवण्याऐवजी विकणारी बँक पावती द्यायला लागली, की रोखे आमच्याकडे आहेत, नंतर देऊ. ती बँक रिसीट, म्हणजे बीआर. अडचण खरी होती आणि सोय शहाणपणाची होती. मग व्यवहार जुळवणारा मेहतासारखा दलाल मध्ये आला. मग बँकेच्या नावाने काढलेला चेक दलालाच्या खात्यात जमा होऊ लागला, कारण त्याने काम भराभर होतं आणि प्रथाच तशी पडली होती. शेवटच्या पायरीवर बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या दोन लहान बँकांनी मागे रोखेच नसलेल्या बीआर दिल्या. २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली आणि डोलारा कोसळला. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने अडकलेली रक्कम ४,००० कोटींच्या घरात मोजली. दलालाने पैसे वळवले हे खरंच, पण चेकवर बँकेचं नाव वाचून तो दलालाच्या खात्याला लावणारे हात बँकांचेच होते, आणि ते वर्षानुवर्षं तसं करत होते.

अमेरिकेत १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. त्याचा अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी हेच दाखवलं. रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या ज्या रबरी कड्यांनी घात केला, त्यांची झीज आधीच्या उड्डाणांतही दिसली होती. यान सुखरूप परत आलं की तेवढी झीज चालते असं ठरायचं. मर्यादा कुणी एका दिवसात मोडली नाही, ती दर खेपेला थोडी पुढे सरकत गेली. ऑडिटवाल्यांना हे ऐकून हसू येतं, कारण आमच्या शेऱ्यावर शाखेकडून येणारं सर्वांत लोकप्रिय उत्तर तेच असतं : मागच्या वर्षी हेच चाललं होतं, तेव्हा आपण काही बोलला नाहीत.

दुसरं कारण म्हणजे कामाची वाटणी. कंपनी मोठी झाली की कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही, आणि काही काळाने ते न दिसणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊस शाखेतून हिरे व्यापारी नीरव मोदीच्या कंपन्यांसाठी हमीपत्रं, म्हणजे एलओयू, गेली ती स्विफ्ट संदेशप्रणालीतून. बँकेची मुख्य संगणकप्रणाली वेगळी होती आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. त्यामुळे परदेशातल्या बँकेला हमी पोचत होती आणि इथल्या हिशेबात तिचा मागमूस नव्हता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना स्विफ्टबद्दल सावध केलं होतं. प्रकरण फुटलं ते जानेवारी २०१८ मध्ये, अगदी साध्या कारणाने. खुर्चीवर नवा माणूस होता. त्याने १०० टक्के मार्जिन, म्हणजे हमीइतकीच रक्कम तारण म्हणून मागितली, तर समोरून उत्तर आलं, की आम्हाला आजवर मार्जिनशिवायच मिळत आलंय. फेब्रुवारीत बँकेने ११,४०० कोटींचा आकडा जाहीर केला. फसवणुकीला हात देणारे आत होते असा आरोप आहे, खटले चालू आहेत. माझा मुद्दा बाकीच्यांबद्दल आहे. हिऱ्यांच्या आयातीला ९० दिवसांची मर्यादा असताना वर्ष-वर्षाच्या मुदतीची पत्रं भारतीय बँकांच्या परदेशी शाखांनी मुकाट मान्य केली. त्यांना व्याज मिळत होतं. धोका दुसऱ्या बँकेचा होता.

हे फक्त बँकांत होतं असं नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट होती आणि होर्डिंग १२० बाय १२० चं. ईस्टर्न एक्सप्रेसवरून रोज जाणाऱ्या लाखोंना ते दिसत होतं. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, नियम महापालिकेचा, आणि दोन्ही बाजूंकडे आपली हद्द नसल्याचे कागद तयार. एवढी मोठी गोष्ट लपवावी लागत नाही. ती कुणाच्या कामात बसत नाही एवढं पुरतं.

आता वरच्यांकडे येतो. गैरकृत्याचा लेखी हुकूम मी फार क्वचित पाहिला आहे. हुकूम तसा येतच नाही. येतो तो आकडा, आणि त्याच्यासोबत 'बघा, काहीतरी जमवा.' कसं जमवलं हे साहेब विचारत नाहीत. ते न विचारणं हेच खरं कौशल्य, कारण उद्या चौकशी झाली तर त्यांना खरंच माहीत नसतं. रिव्ह्यू मीटिंगला बसलात तर बघा, टार्गेट चुकलेल्या शाखेला पंधरा मिनिटं झाडतात आणि टार्गेट गाठलेल्या शाखेला एकही प्रश्न विचारत नाहीत. खालच्या माणसाला यातून जे समजायचं ते समजतं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विकायचं लक्ष्य होतं. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, तोवर सुमारे ५,३०० जणांना काढलं होतं. त्यातले बहुतेक खालच्या पगारावरचे, एका खात्यामागे असं किती मिळालं असेल त्यांना? त्यांना हाव होती म्हणणं मला जड जातं. संध्याकाळचा फोन टाळायचा होता. आपल्याकडे पासष्टीच्या आजोबांना एफडी म्हणून विमा पॉलिसी विकणारा बँकेतला मुलगा बहुधा त्याच फोनला घाबरलेला असतो.

मग आम्ही ऑडिटर काय करतो? तुम्ही हे विचारलंच पाहिजे. मघाच्या त्या साकीनाक्याच्या फायलीवर पहिल्या मसुद्यात वाक्य होतं : 'थकीत कर्ज एनपीए होऊ नये म्हणून कर्जदाराच्या पत्नीच्या नावे नवे कर्ज देण्यात आले.' शाखेच्या उत्तरानंतर ते झालं, 'एकाच कुटुंबातील दोन कर्जांमधील निधीच्या वापराबाबत स्पष्टीकरण आवश्यक.' ऑडिट कमिटीपुढच्या सारांशात जायची वेळ आली तेव्हा, 'निधीच्या अंतिम वापराच्या देखरेखीत सुधारणेस वाव.' त्या खोलीत कुणी खोटं बोललं नाही, कुणी धमकीही दिली नाही. फक्त शब्द थोडे सौम्य करूया, एवढंच. मूळ वाक्य परत घालायला भांडावं लागलं, आणि पुढच्या वर्षी ते काम आमच्याकडे नव्हतं. ज्याचं ऑडिट करायचं त्याच्याकडूनच फी घ्यायची, या व्यवस्थेत यापेक्षा वेगळं घडलं तर नवल.

आणि एकदा लपवलं की लपवणं हेच मुख्य काम होऊन बसतं. भांडुपच्या मुख्यालयातून चालणाऱ्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने एचडीआयएल या बांधकाम गटाची ४४ कर्जखाती झाकायला २१,०४९ बनावट खाती दाखवली. तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रात सांगितलेलं कारण बँकेची प्रतिष्ठा जपण्याचं होतं. खरं सांगितलं असतं तर बँक बदनाम झाली असती, म्हणून नाही सांगितलं. एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त त्या एका गटाकडे होती. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. ती मर्यादा पुढे वाढत गेली, पण त्या आठवड्यात शाखांबाहेर उभी असलेली निवृत्त मंडळी ज्यांनी पाहिली त्यांना 'प्रतिष्ठा जपण्यासाठी' हे कारण ऐकून काय वाटलं असेल ते लिहायची गरज नाही. सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी खोट्या हिशेबांच्या ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रात वाघावर बसल्याची उपमा दिली होती. उतरायचं कसं ते कळत नाही, उतरलं तर तो खाणार. या कबुलीचा मी त्यांच्या बाजूने विचार करत नाही, पण वर्णन अचूक आहे.

काही कंपन्या मुळातच लुटायला निघालेल्या असतात. दादरला भरमसाट परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या टोरेसच्या दुकानासमोर जानेवारी २०२५ मध्ये गुंतवणूकदारांची झुंबड उडाली, तसले प्रकार पोलिसांचे. तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही. तुमची कंपनी खरा धंदा करते, म्हणूनच ती जास्त अवघड केस आहे.

अशा कंपनीत काय चालतं? आचारसंहितेची पुस्तिका आणि वर्षातून एकदा ऑनलाइन क्विझ, यावर माझा काडीचा विश्वास नाही. उत्तरं सगळ्यांना पाठ असतात. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेचा एक रुक्ष नियम मला मोलाचा वाटतो : संवेदनशील जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान १० कामाच्या दिवसांची सक्तीची रजा. ब्रॅडी हाऊस आठवा, नवा माणूस खुर्चीवर बसला आणि गोष्ट बाहेर आली. दुसरं म्हणजे वाईट शाखेपेक्षा सर्वांत चांगली शाखा आधी तपासणं. शून्य एनपीए दिसला की मी आधी तिथे जातो आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली वाटपं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातल्या नोंदींशी ताडून बघतो. तिसरं, थकलेलं खातं वेळेवर थकलेलं दाखवणाऱ्या व्यवस्थापकाचा इन्सेंटिव्ह कापू नका. हे मी जिथे जिथे सुचवलं तिथे सगळ्यांनी मान डोलावली आणि एचआरने पुढच्या वर्षी बघू म्हटलं.

आता तुमचं. नोकरी सोडा, असं मी सांगणार नाही. घराचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता तुमचा आहे, माझा नाही. पण मागची तारीख स्वतःच्या हाताने घालू नका आणि तुमच्या लॉगिनने दुसऱ्याला मंजुरी करू देऊ नका. पासवर्ड देणं हे आपल्याकडे सौजन्य समजतात. चौकशीत तुमचं लॉगिन म्हणजे तुमची सही. तोंडी सूचना आली की त्याच दिवशी ऑफिसच्या मेलवर साधं विचारा : 'आपण सांगितल्याप्रमाणे अमुक खात्याची कागदपत्रं तमुक तारखेची घ्यायची आहेत, कृपया खात्री करा.' आवाज चढवू नका, नियमाचा दाखला देऊ नका. दहापैकी आठ वेळा त्या मेलला उत्तर येत नाही, आणि ते काम तुमच्याकडून निघून दुसऱ्याकडे जातं. गैरप्रकार थांबला असं नाही, पण तुमचा हात त्यातून सुटला. ग्राहकांची कागदपत्रं स्वतःच्या मोबाइलवर किंवा जीमेलवर मात्र पाठवू नका, उलट तुमच्यावरच कारवाई होईल. खाते क्रमांक, तारीख आणि कोण काय म्हणालं एवढं टिपलेली वही पुरते.

तक्रार करायची वेळ आली तर कंपनी कायद्याच्या १७७ व्या कलमाखाली सूचीबद्ध कंपन्या, ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका-वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्या यांना तक्रारीची अंतर्गत व्यवस्था ठेवावीच लागते, आणि गरज पडल्यास ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. फायनान्स कंपनी बँकांच्या कर्जावरच चालते, तेव्हा तुमची बहुधा यात येते. ते धोरण कंपनीच्या वेबसाइटवर असतं, आजच वाचून ठेवा, त्यातला ईमेल कुणाकडे जातो ते नीट बघा. एचआर प्रमुखाकडे जात असेल तर तिथे लिहू नका, अध्यक्षांना लिहा. भावना नकोत, माणसांच्या नावांपेक्षा व्यवहार लिहा : दोन खाती, दोन तारखा, एकच पैसा. त्या फोटोंसारखं काही तुमच्याकडे असेल, तर फाईलचा नंबर द्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा म्हणावं. सूडापासून संरक्षण कागदावर आहे. प्रत्यक्षात वसई किंवा पनवेलच्या शाखेत बदली होऊ शकते, तेवढी तयारी ठेवा. आणि तक्रारीआधी घरी सांगा.